फोनवर घेतलेली सुरमई

मी टाईप करणारी मुलगी आहे. आई शेजारच्या खोलीत असली तरी मेसेज टाकते. कुणी न विचारता डायरेक्ट फोन केला की मला वाटतं, झालं, काहीतरी वाट लागली.

तर त्या रविवारी आईचा पाय प्लास्टरमध्ये, आणि दादाची होणारी बायको पहिल्यांदाच आमच्याकडे नाहूरला जेवायला येणार. मुलगी मालवणची. मासा शिळा निघाला तर आईची इज्जत गेली. मासळीबाजार आजवर आईनेच केलेला, त्या दिवशी नाइलाजाने मला पाठवलं.

मी सुरमईचा झकास फोटो काढून पाठवला, "ही घेऊ?" आईचा एकच शब्द आला, "वास?"

आता वास कसा पाठवू यार. व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर आईचं अर्धं कपाळ आणि वर पंखा.

"कल्ला उघडून दाखव."

"लालच आहे गं."

"त्या बल्बखाली काहीही लाल दिसेल. पोट दाबून बघ. कसं लागतंय?"

"ओलं."

तिकडे कपाळाला आठ्या पडल्या. इकडे कोळीणमावशी वैतागली. "काय गो, मासं घेतेस का शूटिंग करतेस?"

तेवढ्यात रेंज गेली, कपाळ अडकून बसलं. मग मी साधा फोन लावला. आई म्हणाली, "मावशीकडे दे." मावशीने "हालो" ऐकलं मात्र, चेहराच बदलला. "तू होय बाय? ही तुजी पोर? म्हयना झाला, हायेस कुठं?" मग प्लास्टर, जिना, होणारी सून, सगळं निघालं. फोन मावशीच्या कानाखांद्यात, हात दुसऱ्या गिऱ्हाइकाचे बांगडे साफ करतायत, आणि मला दोघी साफ विसरलेल्या.

फोन परत देऊन मावशीने माझी सुरमई बाजूला सारली, बर्फाखालून दुसरी काढली. "तुज्या आयेला ही."

"मग आधी का नाही दिलीस?"

"तू कोनाची, ते कुठं बोललीस?"

दुपारी सगळे जेवायला बसलो. आमच्याकडे कालवणातलं डोकं दादाचं, लहानपणापासून. होणाऱ्या वहिनीने पहिला घास खाल्ला, थांबली, आणि सरळ विचारलं, "काकू, डोकं कुणाला वाढलंय?"

दादाने ताटावर हात आडवा धरला. आईने तो हात सारला, डोकं उचललं आणि तिच्या ताटात ठेवलं.

"तू खा गं. ह्याला काय कळतंय त्यातलं."