यादी लागण्याआधी

रघुनाथ देवरे सरांची आणि माझी ओळख एकलहऱ्याच्या वसाहतीतल्या मैदानावर झाली. माझे वडील वीजकेंद्रात नोकरीला होते, मी नाशिकरोडच्या कॉलेजात नापास होण्याच्या तयारीत होतो आणि आपण फुटबॉल फार छान खेळतो, असा माझा पक्का समज होता. सर संध्याकाळी तिथे शिकवायला येत. पहिल्याच दिवशी मी एक लांब, सुरेख पास दिला आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. सर जवळ येऊन म्हणाले, "पास चांगला होता. पण दिल्यावर उभा का राहिलास? खरं काम तर आता सुरू झालं होतं." पुढे मुंबईच्या एका व्यावसायिक क्लबने सरांना प्रशिक्षक म्हणून बोलावले, तेव्हा त्यांचा सहायक म्हणून मीही गेलो.

त्या क्लबला सरांनी सात वर्षे दिली आणि एकही चषक मिळवून दिला नाही. सरांच्या या अमृतमहोत्सवी ग्रंथात हे कशाला, असे संपादक मंडळींना वाटेल. पण हा लेख सर वाचणार आहेत आणि गुळगुळीत लिहिलेले त्यांना चालत नाही. एका गोलने पुढे असताना सगळ्यांना मागे बोलावून वेळ काढणे त्यांना मान्य नव्हते. त्या हट्टापायी आम्ही जिंकलेले सामने घालवले. शेवटच्या हंगामात तर हरण्याची सवयच लागली होती. त्यांना काढले हा निव्वळ अन्याय होता, असे मी म्हणणार नाही. कसे काढले, ते मात्र सांगायला हवे, कारण त्यात माझाही हात आहे.

सरांनी मागे काय ठेवले, हे विचारणाऱ्याला मी जयरामकडे पाठवतो. जयराम पेठ तालुक्यातला, एकलहऱ्याच्या दिवसांतला आमचा गोलरक्षक. द्राक्षांच्या छाटणीला तो घरच्यांबरोबर दिंडोरीला मजुरीला जाई आणि त्याचा सराव बुडे. एका दुपारी सर मला स्कूटरवर मागे बसवून त्या बागेत पोहोचले. जयराम ओशाळून म्हणाला, "सर, लय लांबून आले तुम्ही. मला यायला जमलंच नाय." सर म्हणाले, "म्हणून तर आम्ही आलो." जेवणाच्या सुट्टीत बांधावर त्याचा सराव झाला. मुकादम कुरकुरला, तर सरांनी त्यालाच गोलवर चेंडू मारायला उभे केले. छाटणी संपेपर्यंत आम्ही जात राहिलो. आज जयराम आश्रमशाळेत मुलांना शिकवतो आणि गैरहजर मुलाच्या पाड्यावर स्वतः जातो.

सरांची आणखी एक पद्धत होती. सामन्याच्या आदल्या दिवशी संघाची यादी फलकावर लागे. ज्याला वगळले असेल, त्याच्या खोलीवर सर यादी लागण्याआधी जात, समोर बसत आणि कारण सांगत. कुणी रडे, कुणी उलट बोले. सर ऐकून घेत. मला मुद्दाम सोबत नेत. एकदा मी म्हणालो, "सर, फोनवर सांगितलं तर नाही चालणार?" ते म्हणाले, "आपण त्याला बाहेर ठेवतोय. निदान त्याचा चेहरा तरी बघायला नको का?"

आणि त्यांना काढायचे ठरले, तेव्हा क्लबच्या व्यवस्थापकांनी शनिवारी आधी मला बोलावले. सोमवारपासून सराव मी घ्यायचा, सरांना आम्ही कळवू, असे ते म्हणाले. सरांचे घर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होते. शनिवार गेला, रविवार गेला. कळवणारे कळवतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे कारण एवढेच, की मला ती जागा हवी होती आणि त्यांचा चेहरा बघायचा नव्हता.

सोमवारी मी पोहोचलो, तेव्हा सर मैदानावर सरावाच्या खुणा मांडत होते. त्यांना कुणीच कळवले नव्हते. कार्यालयातला माणूस कागद घेऊन आला. सरांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि मला विचारले, "आज काय घेणार आहेस?" मी म्हणालो, "पासिंग." "बरं. ऊन व्हायच्या आत संपव," म्हणाले आणि निघाले. उरलेल्या खुणा मी मांडल्या.

त्यानंतर अकरा वर्षे मी त्यांच्याकडे गेलो नाही. सर नाशिकला परतले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या, तेही मला दुसऱ्यांकडून समजले. या ग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा छापून येण्याआधी त्यांना तोंडाने सांगावे, म्हणून गेल्या महिन्यात नाशिकरोडला गेलो. शनिवारचे सगळे सांगितले. सरांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "नोकरीचं वाईट वर्षभर वाटलं, मग गेलं. पण सर चिडलेत, असं तुम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंत. कुणी विचारायलासुद्धा आलं नाही. आज नाही तर उद्या येईल कुणीतरी, म्हणून रविवारी मी कुठे बाहेर जात नसे." चहा त्यांनीच केला.

सरांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, असे लिहून मला थांबता आले असते. मनापासून तेच मागणे आहे. पण रिकाम्या घरात नुसती वर्षे वाढवून मागण्याचा अधिकार मला तरी नाही. हा ग्रंथ ज्यांच्या हाती पडेल, त्यांतले बहुतेक सरांचे विद्यार्थी आहेत. आपण पुष्कळ दिवसांत गेलेलो नाही, या संकोचापायी आणखी दिवस घालवू नका. सर रविवारी अजूनही घरीच असतात. बेल बिघडली आहे, दार वाजवा. आणि वाजवल्यावर जरा थांबा, गुडघ्यांमुळे त्यांना दारापर्यंत यायला वेळ लागतो.