आबांनी सोडलेली चाल

सुभेदार आबांनी बुद्धिबळाचा पट मांडला की त्यावर तीनच सोंगट्या असायच्या: दोन राजे आणि एक पांढरं प्यादं. कुंडलला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या घराचा कट्टा होता. तिथं येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते विचारायचे, "सांग गड्या, पांढऱ्यानं जिकायला काय खेळावं?" बहुतेक जण प्यादं पुढं ढकलत. आबा ते मागं घेत. "बरूबरी झाली की रं. जिकायची चाल एकच हाय." मग पांढरा राजा पुढं सरकवून काळ्या राजासमोर आणत, मधे एकच रिकामं घर. "आता त्येला बाजूला व्हावंच लागतंय."

हा डाव ते खरंच खेळले होते. पलटणीतल्या स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यात त्यांच्यापुढं त्यांचेच साहेब बसले होते. तो डाव जिंकला असता तर दिल्लीच्या स्पर्धेला आबा गेले असते; साहेबांना बरोबरीही पुरत होती. त्यांनी प्यादं ढकललं, डाव बरोबरीत सुटला आणि दिल्लीला साहेब गेले. "मला चाल दिसत हुती. पर सायबाला चारचौघांत हरवायचं कसं?" असं म्हणून ते मिशीवरून हात फिरवत. मेडलं पेटीत पडून होती, त्यांचं नावही ते काढत नसत. सांगायचे ते एवढंच.

मला त्या मिशीचा रागच यायचा. मी शिरवळच्या कारखान्यात रोज सुपरवायझरपुढं मान खाली घालत होतो, आणि हा माणूस मान खाली घातल्याचीच फुशारकी मारत होता. एका सुट्टीला मी तो डाव फोनमधल्या बुद्धिबळाच्या ॲपवर मांडला. समोरच्याला आधी चाल द्यायची, हा कट्ट्यावरचा रिवाज आबांनीच लावलेला. मी पांढरा घेतला आणि त्याच सवयीनं पहिली चाल समोरच्या काळ्याला दिली. फोन म्हणाला, बरोबरी.

"आबा, तुमी काय सोडलंच न्हाई," मी चार माणसांदेखत म्हणालो. "जिकायची चाल नव्हतीच."

आबांनी चष्मा लावून फोन बराच वेळ पाहिला. "समद्या चाली बघतंय व्हय ह्ये?"

"व्हय. ह्ये चुकत न्हाई."

"मंग माजंच चुकलं आसंल," ते म्हणाले आणि सोंगट्या डब्यात भरायला लागले. कुणीतरी हसलं. मीही हसलो.

त्यानंतर कट्ट्यावर पट दिसला नाही. मी गावी गेलो की "कवा आलास?" एवढंच विचारायचे. वर्षाच्या आत आबा गेले. तेराव्याला त्यांच्या सुनेनं सोंगट्यांचा डबा माझ्या हातात दिला. "तुमीच न्या. आबा लय दिस नुसतं बसून म्हनायचं, मला चाल दिसली कशी मग?"

शिरवळला खोलीवर येऊन मी डबा उघडला, तीन सोंगट्या मांडल्या आणि फोन काढला. या वेळी नीट पाहिलं. चाल पांढऱ्याची होती. ती पांढऱ्याला दिली, तर बाकी सगळ्या चालींपुढं बरोबरी आली आणि एकीपुढं विजय. राजा पुढं, काळ्या राजासमोर, मधे एक घर.

साहेबांना आबांनी तो डाव आपल्या हातानं दिला होता. मी मात्र तो आबांकडून काढून घेतला, चाल कुणाची एवढंही न बघता.