बसकडे पाठ करून उभे राहिलेले काका

गेल्या शनिवारी नेरूळला फुटबॉलची मॅच होती. स्टेडियमच्या गेटसमोर आमच्या शेठचा जर्सीचा स्टॉल, जनरेटरवर नावं छापायचं मशीन आणि मशीनवर मी. मी नांदेडकडचा, राहतो घणसोली गावात खोलीवर... हे माझं यंदाचं तिसरं काम.

टीममधे अकरा जण खेळतात, पण पब्लिकला एकच माहीत. नऊ नंबर, आपला स्ट्रायकर. गोलकीपरचं नाव मागणारा मी अजून बघितला नाही.

म्हणून सकाळीच शहाणपणा केला. शेठ बोलले होते थोडे शर्ट कोरे ठेव, मी सगळ्यांवर त्याचं नाव आणि नऊ नंबर मारून टाकला. दुपारपर्यंत सगळे गेले पण... फक्त माझ्या अंगातला राहिला.

तेवढ्यात मोरा बंदरावरून एक काका आले, होडीवर काम करणारे. त्यांना 'हर्षल' नाव पाहिजे होतं. असा कोणी प्लेयर आहे हेच मला माहीत नव्हतं...

"माजा पोऱ्या हाय," काका बोलले. "आज पयल्यांदा खेलनार. त्याला सांगलंय, तू बसमधून उतरशील तवा तुजं नाव घालून उभा असेन."

शर्ट संपले म्हटल्यावर भांडले नाहीत. नुसते रस्त्याकडे बघत राहिले. टीमची बस पाम बीच रोडला आली, असं पोरं ओरडत होती.

मी अंगातला शर्ट काढला. मागची छपाई परत तापवली आणि चिमट्याने एकेक अक्षर ओढायला लागलो. गरम असतानाच निघतं, थंड झालं की कापड फाटतं... बोटं भाजत होती आणि समोरून शेठ येत होते.

"बनियनवर धंदा करतो काय रे?"

सांगायला वेळच नव्हता. नाव, नऊ सगळं निघालं, पण डाग तसाच राहिला. त्यावर नाव मारलं, नंबर टाकणार तोच बसच्या पुढच्या पोलीस गाडीचा सायरन वाजला.

"ऱ्हाऊ दे," काका बोलले. "नाव दिसलं म्हंजे झालं." शर्ट तसाच गरम गरम अंगात घातला आणि पळाले.

बस थांबली. स्ट्रायकर उतरला आणि नुसता कल्ला... सगळ्यांचे मोबाईल वर. त्या गर्दीत काका एकटे उलटे फिरले. बसकडे पाठ, तोंड माझ्याकडे. त्यांना काहीच दिसत नव्हतं, डोळ्यांनीच मला विचारत होते, उतरला का?

मी तर त्याला ओळखतही नव्हतो. एकेक जण उतरून आत जात होता, कोणी थांबेना. 

सगळ्यात शेवटी एक बारीक पोरगा उतरला, खाली मान घालून. चार पावलं चालला, मान वर केली आणि जागीच थांबला. बाहीने तोंड पुसलं.

"काका, वाचलं त्याने," मी ओरडलो.

शेठ संध्याकाळपर्यंत धुसफुसत होते, पण मशीन अजून माझ्याकडेच आहे. तिथे शेकडो पाठींवर नऊ नंबर होता, बसमधून त्यातला एकही दिसला नसेल... सगळ्यांची तोंडं बसकडे होती ना. रोज नावं छापतो मी, पण ज्याचं नाव त्यालाच ते वाचताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. थँक्यू काका.