शिंगणापूर नव्हे, सिंगापूर

साल दोन हजार तेवीस. माझं वय सत्त्याहत्तर. शाळेच्या दाखल्यावर ते दोन वर्षांनी कमी आहे, कारण नाव घालताना मास्तरांनी माझ्या उंचीकडे पाहून जन्मतारीख ठरवली होती. ती शाळाही मी तिसरीत सोडली. पण अंगठा कधी उठवला नाही, सही करतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला अडाणी समजू नये.

आमचं गाव जऊळक्यापासून जवळ. मुलगा वाशिमला शिक्षक आहे. त्याची मुलगी, म्हणजे माझी नात, अमरावतीला शिकून इंजिनियर झाली. आमच्या वेटाळातली पहिली. वेटाळ म्हणजे वस्ती. आमच्याकडे ज्या त्या जातीचं वेटाळ वेगळं असतं. आमचं बौद्धांचं वेटाळ गावाच्या उगवतीला, नाल्याच्या अलीकडे.

उन्हाळ्याचे दिवस होते. मी अंगणात गालाला साबण लावून दाढीला बसलो होतो. नात माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि माझा डावा कान तसा कामचुकारच.

"आबाजी, मले पुढं शिकाले सिंगापूरले जायाचं हाये."

मी ऐकलं शिंगणापूर. वस्तरा खाली ठेवला.

"शनीच्या गावी? माह्या बापानं धम्म घेतला तवापासून या घरात कोनं देवाले तेल वाह्यलं नाई. अन् तू इंजिनियर होऊन शनीच्या दारात जाशीन?"

"आबाजी, शिंगनापूर नाई..."

"मले गावं शिकवू नको. तिथं घरायले दारं नाईत म्हनते. कालेज काढलं असंन तं त्यालेबी दार नसंन!"

ती तोंडावर ओढणी धरून हसत आत पळाली. मला वाटलं, रडली. मी साबण पुसला आणि अर्ध्या दाढीनिशी तसाच तावातावाने फाट्यावरच्या हॉटेलवर गेलो.

हॉटेलच्या बाकावर पाटील होते. त्यांच्या वडिलांच्या शेतात माझे वडील राबले. आम्ही दोघे मात्र बरोबरीने बसून चहा पितो, आणि एकमेकांची टर उडवल्याशिवाय कप खाली ठेवत नाही. मी त्यांना नातीचं गाऱ्हाणं सांगितलं. पाटलांनी आधी माझ्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं.

"मंग तेलाची बाटली भरून दे ना बाप्पा पोरीसंगं. अन् माह्या नावाचंबी थोडंसं वाह्याले सांग, साडेसाती लागून राह्यली मले."

सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो, पण ते हसणं घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

संध्याकाळी मुलगा वाशिमहून आला. त्याने मोबाइलवर नकाशा काढून माझ्यासमोर धरला. "बाबा, सिंगापूर. देश हाये तो. एकच शहर, अन् तेवढाच देश." मी चष्मा लावून पाहिलं. समुद्राच्या कडेला तिळाएवढा ठिपका.

"मंग सरळ सांगावं," मी म्हटलं. "साबन लावलेल्या मानसासंगं कोनी एवढी मोठी गोष्ट बोलते काय?"

तेव्हा खरी गोष्ट कळली. पोरीला दोन ठिकाणी बोलावणं आलं होतं, एक लंडनचं आणि एक या ठिपक्याचं. दोन्हीकडे शिष्यवृत्ती. कुठे जाणार ते दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. सून म्हणाली, पोरगी म्हणते तिकडे जाऊ द्या. मुलाच्या मनात लंडन, पण तो एवढंच म्हणाला, "बाबा म्हनतीन तसं." म्हणजे सगळं माझ्यावर आलं. मी एकदा 'लंडन' म्हटलं असतं, तर पोरगी मुकाट्याने लंडनला गेली असती. आमच्या घरात माझा शब्द मोडत नाहीत.

आणि मी म्हटलंही. "लंडन!"

भिंतीवर तसबीर आहे. निळा कोट, हातात पुस्तक. आमच्या वेटाळात अशी तसबीर नसलेलं घर सापडणार नाही. ते लंडनला शिकले हे मला तिसरी सोडायच्या आधीपासून पाठ आहे. माझी नात त्याच गावी शिकते, असं सांगायला मिळालं तर आणखी काय पाहिजे?

नात माझ्यासमोर खाली बसली, या वेळी उजव्या बाजूला. "आबाजी, मी कायचं शिकून राह्यली?"

"पान्याचं."

"मंग? लंडनले पान्याची काय कमी? सिंगापूरले ना मोठी नदी, ना साठवाले जागा. ते लोक वापरलेलं पानी साफ करून पुन्यांदा पेतात. ज्याले कमी हाये, तोच सांभाळाले शिकवंन ना? आपल्या गावात एप्रिलात टँकर येते. मले ते शिकाचं हाये."

"वापरलेलं पानी पेतात? छ्या!"

"टँकरचं पानी कोठून येते, इचारलं काय तुमी कधी?"

सून पदराआड हसली. मी तसबिरीकडे हात केला. "अन् ते?"

"ते लंडनले काहून गेले आबाजी? त्यायले जे शिकाचं होतं ते तिथं होतं म्हनून गेले. माह्यं शिकाचं इकडं हाये."

मी तसबिरीकडे केलेला हात खाली घेतला. पण एवढ्यावर मी कधी हरलो नाही. मी दुसरीकडून धरलं. "बरं. तिथं आपले लोक कोन्या वेटाळात राह्यतात?"

ती आधी हसणार होती. मग माझ्याकडे पाहून थांबली.

"तिथं वेटाळ नाई, आबाजी. मी तं होस्टेलात राहीन. पन तिथले बहुतेक लोक सरकारी बिल्डिंगांत राह्यतात. चिनी, मलय, तमिळ. एका बिल्डिंगीत कोनाची किती घरं, याचा नियमच हाये. एका समाजाचे सगळे एकीकडं होऊच देत नाईत."

"अन् कोनी म्हनलं, मले माह्याच लोकायत राह्याचं हाये?"

"जागा भरली असंन तं मिळत नाई. भांडनं तिथंबी असतीन आबाजी, मानसंच हायेत. पन जिना एकच असते."

जवानीत मी केनवडच्या बाजारात हमालीला जायचो. नवा माणूस नाव विचारायचा नाही. विचारायचा, कोन्या वेटाळातले? सांगितलं की पाण्याचा गडवा हातात न देता वरून धार धरायचा. माझ्या बरोबरचे काही जण दुसरं वेटाळ सांगून पाणी प्यायचे. मी कधी खोटं सांगितलं नाही. मोठ्याने सांगायचो, आणि धार धरली की पाणी न पिता पुढचं पोतं उचलायचो. तहान लागायची, नाही कशाला म्हणू? पण ओंजळ केली नाही.

असा प्रश्न ज्या गावात विचारताच येत नाही, त्या गावात माझं रक्त शिकणार. लंडनचं मला माहीत नाही, तिथंही नसेल. पण सिंगापूरचा नियम मी पोरीच्या तोंडून ऐकला होता.

"जाय," मी म्हटलं.

"कुठं, आबाजी?"

"त्या ठिपक्यावर. अन् जिना चढताना मान वर ठेवजो, माय."

मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पहिल्यांदाच शब्द फिरवला होता. फिरवला नव्हता. चांगला शब्द सापडला म्हणून बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण दाढी केली, पांढरं धोतर नेसलं आणि फाट्यावर गेलो. पाटील होतेच. "काय मंग, भरली काय तेलाची बाटली?"

मी सगळ्यांना चहा सांगितला आणि बाकाच्या मधोमध बसलो. "भरली ना. पन वाटंत समुद्र लागते पाटील. इमानात बसा लागन. येता काय?"

"शिंगनापूरले समुद्र?"

"शिंगनापूर नाई," मी म्हटलं. "बुढे झाले, धड नाव घेता येत नाई. म्हना, सिंगापूर."

आणि पाटलांनी सगळ्या हॉटेलसमोर नीट 'सिंगापूर' म्हणेपर्यंत मी त्यांचा कप माझ्याच हातात धरून ठेवला.