मसाई मारातल्या दोन बिबट्यांसमोर आई

२००६च्या फेब्रुवारीत केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात माझ्या आईने जेवणाचा डबा वाजवून झाडावरचा बिबट्या पळवून लावला.

जुन्नर-आंबेगावच्या फूल उत्पादकांची सहल होती. तिथली गुलाबाची पॉलिहाऊस पाहून झाली होती, शेवटचे दोन दिवस सफारीचे होते. अवसरी बुद्रुकचं आमचं पॉलिहाऊस आईच चालवायची. सहलीत स्वतःच्या शेतीसाठी आलेली ती एकटीच बाई. मी सोबतीला.

आमच्याकडे उसात शिरताना डबा वाजवतात, मोठ्याने बोलतात. बिबट्या असला तर बाजूला होतो. काही वर्षांपूर्वी एका बिबट्याने आमच्या गोठ्यातलं वासरू नेलं. तेव्हापासून आई उसात एकटी कधी गेली नव्हती, अगदी डबा वाजवतसुद्धा. निघण्यापूर्वी ती म्हणाली होती, "त्यो समोर असताना गप बसून बघायचंय मला. जमतंय का बघू."

पहिल्या संध्याकाळी ड्रायव्हरने गाडी थांबवून ओठांवर बोट ठेवलं. फांदीवर बिबट्या पसरला होता. आईने मांडीवरच्या रिकाम्या डब्यावर झाकण आपटलं आणि ओरडली, "हो, हो, हो!" बिबट्या उतरून गवतात गेला.

"मावशी, डिंगोऱ्यावरनं एवढ्या लांब आलो, अन् तुमी त्याला हाकलून दिला!" मागच्या सीटवरचे डिंगोरे गावचे एक बागायतदार म्हणाले.

"तुमच्या डिंगोऱ्यात काय कमी हायेत का, भाऊ? तिथं बघा की."

"तिथं बघायला थांबतंय कोण, राव!"

गाडी हसली. ड्रायव्हर हसला नाही. पुन्हा आवाज झाला तर परत फिरेन, असं तो इंग्रजीत म्हणाला. मी आईला सांगितलं.

"बराबर हाय त्याचं," आई म्हणाली. "हात आपोआप गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या झाडावर दुसरा बिबट्या दिसला. हा आदल्या दिवशीच्यापेक्षा मोठा होता. आईने दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले.

"मावशी, दम धरा," बागायतदार कुजबुजले.

बिबट्या उतरला आणि सरळ गाडीकडे आला. आईच्या बाजूची काच अर्धी उघडी होती. ती लावायला मी हात पुढे केला. आईने मानेनेच नको म्हटलं. बिबट्या खिडकीखाली थांबला, त्याने वर पाहिलं. आईही पाहत राहिली. मग तो रस्ता ओलांडून गेला. ड्रायव्हरने मागे वळून आईला अंगठा दाखवला. तिने हात बाहेर काढले, तेव्हा तळव्यांवर सीटच्या शिवणीचे वळ उठले होते.

गावी आल्यावर बागायतदारांनी ही हकीकत मंचरच्या बाजारात भेटेल त्याला सांगितली. "बिबट्यानं मान खाली घातली, आमच्या मावशीनं न्हाई." मान खाली घातल्याचं मी पाहिलेलं नाही. नजर आधी त्याने वळवली, एवढं मी पाहिलं.

पुढच्या महिन्यात कालव्याला पाणी सुटलं. उसात शिरून सरीसरीला पाणी वळवायचं, ते दारं आईने एकटीने धरलं.