अंगाला सोसेल असं कापड

छातीच्या कॅन्सरसाठी आईचं रेडिएशन चालू होतं तेव्हा ऐन उन्हाळा होता. तिला मी गारगोटीहून शहरात, राजारामपुरीतल्या माझ्या घरी आणलं होतं. रेडिएशनला ती शेक म्हणायची. शेकानं तिची काखेखालची कातडी काळी पडली, मग सोलायला लागली. ब्लाउज घामानं चिकटायचा आणि काढताना कातडी घेऊनच निघायचा. मलमल आणून पाहिली, नवऱ्याचे जुने बनियन उसवून पाहिले. ओलं झालं की सगळं तसंच.

एका सकाळी तिनं खोलीला आतून कडी लावली.

"मी न्हाय येत दवाखान्यात."

"आई, मधेच थांबवायचं नाही म्हणालेत डॉक्टर."

"मग उघड्यानं बसू व्हय रिक्षात?"

शेजारणींसमोर केससुद्धा न विंचरणारी बाई. मी दारापाशी बसून विनवण्या केल्या, ओरडले, आणि काहीच सुचेना तशी चप्पल घालून बाहेर पडले. दुकानामागून दुकान पालथं घातलं. मागायचं काय तेच धड सांगता येत नव्हतं. "अंगाला न चिकटणारं," एवढंच म्हणत होते. शेवटी एका दुकानात नुसती काउंटरला धरून उभी राहिले.

"ताई, बसा. पाणी प्या आधी," दुकानदार म्हणाला. सगळं ऐकून त्यानं वरच्या फळीवरून पांढरं, चुरगळल्यासारखं सुती कापड काढलं. "विणीतल्याच चुण्या हायत, धुतल्या तरी जात न्हाईत. उन्हाळ्यात बाळांच्या झबल्यांना नेत्यात."

मी गालाला लावून पाहिलं. कापड चुण्यांवरच टेकत होतं, मधून वारा लागत होता.

घरी येऊन आईसाठी त्याचं झबलं हातानंच शिवलं. बाह्या नाहीत, खांद्यावर नाड्या, शिवण बाहेरच्या अंगाला. दाराखालच्या फटीतून आत सरकवलं. खाली पडलेल्या चिंध्या गोळा करत बसले. मग कडी निघाली.

"लागंना गं," आई म्हणाली. वरून पदर लपेटून ती रिक्षात बसली.

राहिलेला शेक पुरा झाला, कातडीही भरून आली. आजार मात्र थांबला नाही. पुढच्या थंडीत तो हाडांत उतरला. डॉक्टरांनी पुन्हा शेक सांगितला, तेव्हा आई शांतपणे नको म्हणाली. मी खूप रडले, पण वाद घातला नाही. तिला गारगोटीला नेलं आणि तिच्या शेजारी अंथरूण घालून शेवटपर्यंत राहिले.