आधी कारण, मग काम

बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या कोणत्याही गोष्टीचं कारण कळल्याशिवाय पुढे पाऊल न टाकणारा माणूस साऱ्या नागपुरात एकच, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो: आमचे भाऊ. शीतगृहांच्या कंट्रोलरमध्ये वीज येताच सगळ्यांत आधी जो छोटा प्रोग्राम जागा होतो, तो लिहिणं हे भाऊंचं काम. मशीन रिसेट का झालं, वीज गेली की प्रोग्राम अडकला, याची खूण चिपमध्ये राहते. ती आधी वाचायची, नोंदवायची आणि मगच पुसायची, हा भाऊंचा धर्म. तो त्यांनी मशीनपुरता ठेवला असता तर आम्ही सुखी असतो. ऑफिसातले लाइट जाऊन आले की आम्ही कामाला लागतो, भाऊ मीटरपाशी जाऊन उभे राहतात. मी आजारातून उठून आलो तेव्हा तब्येतीची चौकशी नाही, सरळ "ताप काहून आला होता गा?" माझं उत्तर न पटल्यामुळे दुपारपर्यंत मला काम दिलं नाही.

एकदाच त्यांच्या हातून दोन ओळी खालीवर झाल्या आणि खूण वाचण्याआधीच पुसली जाऊ लागली. भिवापूरच्या एका शीतगृहातलं मशीन दिवसातून चारदा रिसेट व्हायचं आणि दर वेळी 'कारण नाही' म्हणून मोकळं व्हायचं. भाऊ स्वतः गेले, मिरचीच्या पोत्यांत दोन दिवस शिंकत बसले. मालक म्हणाला, "चालू तं आहे ना भाऊ, कारणाचं काय लोणचं घालता?" भाऊ त्याच्याशी पुन्हा बोलले नाहीत.

अशा माणसाची बायको दीड वर्षापूर्वी माहेरी, कन्हानला, निघून गेली, आणि त्यांनी तिला अजून कारण विचारलेलं नाही. डबा उघडताना रोज म्हणतात, "या रविवारी विचारतो." मला त्यांचा राग येतो, आणि डब्यातली तीच ती खिचडी बघून जीवही तुटतो. शेवटी गेल्या रविवारी मीच त्यांना गाडीवर बसवून नेलं आणि कोपऱ्यावर थांबलो. दहा मिनिटांत ते परत आले.

"विचारलं?"

"दारातूनच फिरलो गा. ते अंगणात शेजारणीसंग हसून राहिली होती. इतक्या वर्षांत घरी मी तिले असं हसताना पाहिलं नाही. मंग काय विचारू?"

मी गाडी सुरू केली. पूल ओलांडल्यावर ते मागून म्हणाले, "हळू चालव. घरी कोणी वाट पाहून राहिलं नाही." त्यांना इतवारीत त्यांच्या दारात उतरवायचं सोडून मी सरळ माझ्या घरी जेवायला घेऊन गेलो.